समुद्राचं तिकीट

लोफोटेनच्या बोटींवर मासे ओढायचं काम आता मशीन करतं. पण त्या बोटीचा मालक व्हायचं कसं, हा प्रश्न सव्विशीतल्या पोरांना पडलाय.

नॉर्वेला जाऊन आले म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला. ‘नॉर्दर्न लाइट्स दिसले?’ दिसले. हिरवे होते, हलत होते, फोटोत जास्त छान आले. विषय संपला! मला त्याहून जास्त सांगायचंय ते एका मासेमारी बोटीबद्दल. अकरा मीटरची बोट, त्यात दोन माणसं, एक कॉफी मशीन, पाच स्क्रीन आणि मासे वर ओढणारी चार यंत्रं. आणि त्या दोघांपैकी एकाची गोष्ट, जी ऐकताना मला सारखे आपले होम लोनवाले मित्रमैत्रिणी आठवत होते.

त्याचं झालं असं, की माझी आतेबहीण ओस्लोत असते. (आयटी, दुसरं काय!) २०२५च्या मार्चमध्ये तिच्याकडे गेले होते. एवढ्या लांब आलोच आहोत तर एखादी स्टोरी करून टाकू, हा आम्हा फ्रीलान्सर मंडळींचा जुना रोग. तेव्हा ओस्लोहून विमानानं बोडो, तिथून तीन-सव्वातीन तासांची फेरी, आणि समोर लोफोटेनची बेटं. आर्क्टिक सर्कलच्याही वर, समुद्रातून सरळ उभे राहिलेले काळे डोंगर आणि पायथ्याशी लाल लाकडी घरं. कॅलेंडर छापणाऱ्यांचं काम फारच सोपं करून ठेवलेली जागा.

मार्च महिना निवडला तो माशासाठी. बॅरेंट्स समुद्रात मोठा झालेला कॉड दर हिवाळ्यात शेकडो किलोमीटर पोहत इथं अंडी घालायला येतो. या प्रवासी कॉडला नॉर्वेत ‘स्क्रे’ म्हणतात. जानेवारी ते एप्रिल हा त्याचा सीझन. समुद्रातल्या उबदार प्रवाहामुळे एवढ्या उत्तरेलाही इथली बंदरं गोठत नाहीत, त्यामुळे जवळपास हजार वर्षं माणसं भर हिवाळ्यात इथं मासे धरतायत. फक्त धरायची पद्धत बदललीय. आणि पद्धत बदलली की बाकीचंही बरंच काही बदलतं, ते तिथं जाऊन कळलं.

ऑफिस, पण हलणारं

पहाटे साडेचारला धक्क्यावर पोचले. ‘मासेमारीची बोट’ म्हणून माझ्या डोक्यात जे चित्र होतं, त्यात ओले दोर, डिझेलचा वास आणि आरडाओरडा होता. त्यातला फक्त डिझेलचा वास खरा निघाला. केबिनमध्ये शिरताना मला चक्क बूट काढायला लावले! आत गरम हवा, गादीची भलीमोठी खुर्ची, मायक्रोवेव्ह, झोपायला दोन बंक आणि मोबाइलला फुल रेंज. आपल्याकडच्या कितीतरी ऑफिसांत एवढी बरी खुर्ची मिळत नाही.

अशा छोट्या किनारी बोटीला नॉर्वेत ‘शार्क’ म्हणतात. त्या दातवाल्या माशाशी काही संबंध नाही, ऐकायला मात्र सेम टु सेम. स्किपर पंचावन्न-छप्पन्नचे. इंग्लिश मस्त, बोलणं कमी. नॉर्वेत सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, पण आपली जीभ काही रेटत नाही. मनातल्या मनात मी त्यांना ‘काका’ करून टाकलं. मदतीला डेकवर एक मुलगा, वय २६. तो ‘धाकटा’. दोघांचं नातं काही नाही, गाव एक.

काकांनी आधी हवामान बघितलं, मग इको साउंडरचा स्क्रीन. स्क्रेची एक खोड आहे. वरचं पाणी थंडगार, खालचं जरा उबदार, आणि या दोघांच्या मधल्या, साधारण चार ते सहा डिग्रीच्या थरात तो मुक्काम ठोकतो. हा थर नेमका किती खोल आहे, ते शोधण्यात पूर्वीच्या लोकांचे तासन् तास जायचे. काकांनी स्क्रीनवरच्या लाल-पिवळ्या पट्ट्याकडे बघत कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाले, ‘हं. नव्वद मीटर.’ झालं!

मग चार मशीन कामाला लागली. प्रत्येकावर एक मोठं रीळ, त्यावर जाड नायलॉनची दोरी, खाली गळ आणि वजन. मशीन दोरी सोडतं, तळ लागला की आपणहून थोडं वर घेतं आणि माणूस हातानं देतो तसे हलके झटके देत राहतं. मासा लागला की वजन वाढतं, ते मशीनला कळतं, आणि रीळ गरागरा फिरून मासा वर. धाकटा तो काढून घेतो, गळ्याजवळ चाकू फिरवतो आणि वाहत्या पाण्याच्या टाकीत टाकतो. रक्त नीट निघालं तर मांस पांढरंशुभ्र राहतं, आणि पांढऱ्या मांसालाच भाव. एकेक मासा म्हणजे आपलं दोन वर्षांचं पोर उचलल्यासारखं!

मी अवोमिन घेऊनही दोनदा कठड्याला लटकले. दोघांपैकी कुणीही हसलं नाही. काकांनी फक्त कोरडा पाव पुढे केला.

काकांच्या जॅकेटला एक छोटा बिल्ला लटकत होता. माणूस पाण्यात पडला की याचा बोटीशी असलेला संपर्क तुटतो आणि इंजिन बंद पडतं. ‘एवढ्या छोट्या बोटीवर हे कशाला?’ मी विचारलं. ते म्हणाले, ‘हा मुलगा नसतो तेव्हा मी एकटाच असतो. मी पाण्यात आणि बोट पुढे चाललीय, असं नको व्हायला.’

काकांच्या वडिलांच्या बोटीवर पाच जण असायचे. तेवढेच मासे, किंबहुना जास्तच, आता एक माणूस आणतो. हात दुखत नाहीत, बोटं गोठत नाहीत. पण बोलायलाही कुणी नाही. मासेमारी आजही नॉर्वेतल्या सगळ्यात धोक्याच्या धंद्यांपैकी एक आहे. १८९१ सालापासून तिथं समुद्रात अडकलेल्यांना वाचवणारी एक संस्था आहे, आणि तिच्या बोटी अजूनही किनाऱ्यावर तयार उभ्या असतात. मशीननं कष्ट कमी केले, समुद्र मात्र होता तसाच आहे.

पगार? तो काय असतो?

दुपारी परत आलो. मासे क्रेननं वर गेले, वजन झालं आणि लगेच एक इलेक्ट्रॉनिक पावती तयार झाली : कुठल्या बोटीनं, कुठला मासा, किती किलो, काय भाव. खरेदीदार आणि स्किपर दोघांची त्यावर सही. ही पावती झाल्याशिवाय मासा विकलाच जात नाही. आणि खरेदीदारानं मनाला येईल तो भाव पाडायचा नाही. पूर्वी मच्छीमार व्यापाऱ्यांच्या तावडीत असायचे. म्हणून १९३८ सालच्या कायद्यानं ठरवून टाकलं, की पहिली विक्री मच्छीमारांच्या स्वतःच्या विक्रीसंघामार्फतच होणार. उत्तरेकडच्या कॉडचा किमान भावही हाच संघ ठरवतो.

हेरिंग आणि मॅकरेल धरणाऱ्या मोठ्या बोटींचा थाट तर आणखी वेगळा. मासे पंपानं ओढून थंड समुद्राच्या पाण्याच्या टाक्यांत भरायचे, आणि बोट समुद्रात असतानाच बर्गेनच्या विक्रीसंघात त्यांचा ऑनलाइन लिलाव! जो जास्त बोली लावेल, त्याच्या धक्क्याकडे बोट वळवायची. धाकटा अशा एका बोटीवर एक हंगाम काढून आलाय. ‘प्रत्येकाला स्वतंत्र केबिन, शॉवर, जिम. आईच्या घरी माझी खोली त्याहून छोटी आहे,’ तो म्हणाला.

‘मग पगार किती?’ मी आपला आपल्याकडचा प्रश्न विचारला. तो गोंधळला. पगार असा नसतोच. असतो तो ‘लॉट’, म्हणजे वाटा. मासे विकून आलेल्या पैशातून खर्च वजा करायचा, काही भाग बोटीचा आणि उरलेला माणसांत वाटायचा. मासे मिळाले तर महिन्यात इंजिनिअरहून जास्त. वादळ आलं, मशीन बिघडलं, तर हात हलवत परत.

हे मला अगदी लगेच पटलं. मी शब्दांवर जगते, तो किलोवर. माझी आई दर रविवारी फोनवर विचारते, ‘कायमचं काही मिळतंय का गं?’ त्यालाही त्याची आई हेच विचारते. फरक एवढाच, की माझ्या धंद्यात शिरायला एक लॅपटॉप पुरतो. त्याच्या धंद्यात बोट असूनही भागत नाही.

एका सेंटिमीटरची किंमत

बंदरात उभं राहून बोटींकडे नीट बघितलं तर एक गंमत दिसते. बऱ्याच बोटी आखूड, पण चांगल्या जाड आणि उंच. जणू कुणी पुढून-मागून दाबून ठेवल्यात. काकांच्या बोटीची लांबी किती, तर १०.९९ मीटर. शेजारची १४.९९. चपलेचा भाव ९९९ ठेवतात ना, तसंच! कारण नॉर्वेत बोटीच्या लांबीवरून गट ठरतात, आणि गटावरून नियम. अकराच्या आत राहायचं म्हणून लांबी तेवढीच ठेवायची, आणि रुंदी-उंची वाढवत न्यायची. हे डिझाइन इंजिनिअरनं कमी आणि सरकारी नियमानं जास्त केलंय.

हे सगळं सुरू झालं १९८९ साली. तोपर्यंत छोट्या किनारी बोटींना कॉड धरायला जवळपास मोकळं रान होतं. पण समुद्रातले मासे फार घटले होते. १८ एप्रिल १९८९ या दिवशी, ऐन मोसमात, सरकारनं किनारी बोटींची कॉडची मासेमारी थांबवली. लोकांना धक्का बसला. पुढच्या वर्षापासून प्रत्येक बोटीला ठरावीक कोटा आला. मागच्या तीन वर्षांत ज्यांनी पुरेसे मासे आणले होते, त्यांना तो मिळाला. काकांच्या वडिलांना असाच मिळाला. फुकट.

नंतर बोट विकताना तिच्याबरोबर कोटाही जाऊ लागला आणि त्याची किंमत चढत गेली. २००४च्या सुमारास मोठ्या किनारी बोटींना आणखी एक मुभा मिळाली : दोन बोटींपैकी एक मासेमारीतून कायमची काढायची आणि तिचा कोटा दुसरीवर चढवायचा. पुढे ही मुभा अकरा मीटरच्या बोटींपर्यंत आली. बोटी कमी झाल्या, उरलेल्या मोठ्या आणि श्रीमंत झाल्या.

यात सगळं वाईटच झालं असं म्हणायचं नाही हं. पूर्वी सरकारच्या सबसिडीवर चालणारा हा धंदा आता जवळपास पूर्णपणे स्वतःच्या पायावर उभा आहे. मासेही परत आले. नॉर्वे आणि रशिया मिळून बॅरेंट्स समुद्रातल्या कॉडचा कोटा ठरवतात. २०१३ साली तो १० लाख टनांवर गेला होता. पण २०२५ साली तो ३ लाख ४० हजार टनांवर आला, १९९१ नंतरचा तोवरचा सगळ्यात कमी. मासे कमी म्हणून भाव चढा, आणि भाव चढा म्हणून कोटा महागच.

धाकट्याचा ईएमआय

आता धाकट्याचं गणित बघा. तो शाळेत मासेमारी शिकलाय. तिथं हा रीतसर कोर्स आहे, दोन वर्षं वर्गात आणि दोन वर्षं बोटीवर उमेदवारी. इंजिन खोलता येतं, जाळं शिवता येतं, रात्री रडार वाचता येतं. त्याला हवीय स्वतःची बोट.

बोट बँक देईल. पण कोट्यासकट घ्यायची, तर छोट्या बोटीलाही काही मिलियन क्रोनर लागतात. आपल्या भाषेत सांगायचं तर काही कोटी रुपये. तेव्हा एक क्रोनर म्हणजे साधारण आठ रुपये होते, तुम्हीच करा हिशेब. ‘वडिलांची बोट असेल तर ठीक. माझे वडील ट्रक चालवतात,’ तो म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता. आपण लोकल लेट आहे म्हणतो तसं.

दुसरा रस्ता आहे तो ‘ओपन ग्रुप’चा. तिथं कोटा विकत घ्यावा लागत नाही. मच्छीमार म्हणून नोंदणी हवी, स्वतःची बोट हवी. पण मिळणारा वाटा बराच छोटा. सरकार तरुणांसाठी मधूनमधून काही कोटे फुकटही देतं, पण ते मोजकेच आणि अर्ज भरपूर. आणि तिसरा रस्ता सगळ्यात आरामाचा : मोठ्या ट्रॉलरवर जायचं. पाच आठवडे समुद्रात, पाच आठवडे घरी, हातात भरपूर पैसा, सुट्टीत थायलंड. बोट मात्र दुसऱ्याची.

मला वाटलं, हे एका पोराचं रडगाणं असेल. तसं नाही. नॉर्वेच्या महालेखापरीक्षकांनी २०२० साली आपल्या अहवालात हेच लिहिलं, की बोटी कमी आणि मोठ्या झाल्यात, कोटा महाग झाल्यामुळे तरुणांना धंद्यात येणं अवघड झालंय आणि किनाऱ्यावरच्या काही गावांना त्याचा फटका बसलाय. याच देशाचा २००८ सालचा कायदा म्हणतो, की समुद्रातली ही संपत्ती सगळ्या नॉर्वेकर समाजाची आहे. मासे सगळ्यांचे, खरंय. पण तिकीट काढल्याशिवाय आत सोडत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेत एक लाखाहून जास्त मच्छीमार होते. आता दहा हजारांच्या आसपास. पूर्णवेळ मच्छीमारांत बायका तर शंभरात तीन-चार. मला बोटीवर बघून शेजारच्या बोटीवरल्यांनी दोनदा मान का वळवली, ते हा आकडा कळल्यावर लक्षात आलं.

गाबोळी आणि अंधाऱ्या खिडक्या

संध्याकाळी काकांनी घरी जेवायला बोलावलं. उकडलेला स्क्रे, त्याचं काळीज आणि गाबोळी, सोबत बटाटे. मसाला औषधालाही नाही! पण सकाळी पकडलेला मासा संध्याकाळी ताटात असेल तर मसाला आठवतही नाही, हे सीकेपी मैत्रिणीची माफी मागून सांगते.

घराबाहेर लाकडी मांडवांवर हजारो कॉड जोडीजोडीनं शेपटीला बांधून लटकत होते. मीठ नाही, काही नाही, फक्त थंड वारा. फेब्रुवारीत टांगायचे, मेमध्ये उतरवायचे. आपल्याकडे वसई-वर्सोव्याला वलांडीवर बोंबील सुकतात, त्याच्या खापरपणजोबासारखा प्रकार. हा सुका कॉड सगळ्यात जास्त जातो इटलीत. १४३२ साली क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा एक व्यापारी जहाज फुटून इथल्या रोस्ट बेटाजवळ येऊन पडला होता. घरी परतताना तो हा मासा घेऊन गेला, आणि इटलीकर तेव्हापासून खातायत.

धक्क्यावर एका शेडमध्ये शाळकरी पोरं कॉडच्या डोक्यांतून जिभा कापत होती. ही इथली जुनी रीत. जिभा विकायच्या, पैसे त्यांचे. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी इतक्या सराईतपणे सुरी चालवत होती, की मीच दोन पावलं मागे सरले. ‘मोठी झाल्यावर बोट घेणार?’ मी विचारलं. तिनं खांदे उडवले आणि पुढचं डोकं उचललं.

रात्री गावातून चालताना मात्र निम्म्या खिडक्या अंधाऱ्या दिसल्या. ही घरं ओस्लोवाल्यांची, उन्हाळ्यात उघडतात. मच्छीमारांच्या जुन्या लाल खोल्या आता टुरिस्टांना भाड्यानं मिळतात. मीही तशाच एका खोलीत उतरले होते, आणि छान होती. काका हिशेब बोटांवर करून दाखवत होते : ‘वडिलांच्या बोटीवर पाच माणसं म्हणजे पाच घरं. पाच घरांतली बारा-तेरा पोरं शाळेत. आता माझी एक बोट, एक घर. आणि माझ्या दोन्ही मुली ट्रोमसोत नोकरीला.’ मग कुणाच्या वर्गात किती मुलं, कुठलं दुकान बंद झालं, अशी यादी सुरू झाली. मशीनला कुणी नावं ठेवत नव्हतं. हातानं गळ झटकायला परत कुणाला जायचंय? पण मशीननं वाचवलेली चार माणसं गावात राहिली नाहीत, हेही तेवढंच खरं.

‘तुमची बोट पुढे कोण घेणार?’ मी विचारलं. काका बटाटा सोलत राहिले. धाकटा टेबलाच्या पलीकडेच बसला होता. दोघांनाही उत्तर माहीत होतं. मोठी कंपनी देईल तेवढे पैसे हा मुलगा देऊ शकत नाही, आणि काकांच्या म्हातारपणाची सगळी पुंजी त्या बोटीत आहे. कुणाला वाईट ठरवावं असं इथं कुणीच नाही, हीच तर पंचाईत.

परत आल्यावर मी स्टोरी लिहिली, इकडेतिकडे पाठवली, कामाला लागले. सप्टेंबरमध्ये धाकट्याचा मेसेज आला. त्यानं नऊ मीटरची एक जुनी बोट घेतली होती. कोट्याशिवाय. ओपन ग्रुपमध्ये उतरणार, दोन-तीन हंगाम तग धरणार, आणि मग फुकटच्या कोट्यासाठी अर्ज करणार. फोटोत बोट अर्धी उघडी, इंजिन बाहेर, आणि तो कोपरापर्यंत ऑइलमध्ये. एकच जुनं मशीन परवडलं होतं, बाकी गळ हातानंच.

मी लिहिलं, ‘हप्ता कधीचा?’

‘दर महिन्याच्या १५ तारखेला,’ त्यानं उत्तर दिलं. ‘कॉड मात्र जानेवारीतच येतो.’